पुरेसं म्हणजे किती फूट?

घरात खाऱ्या पाण्याचा मोठा फिश टँक ठेवायचा तर पहिला निर्णय मापाचा असतो. दिवे, पंप, दगड, वाळू हे सगळं नंतर बदलता येतं. काच एकदा कापून सिलिकॉनने जोडली की लांबी, रुंदी आणि उंची कायमची ठरली. म्हणून या छंदात पडलेला माणूस या तीन आकड्यांवर महिनोन्‌महिने डोकं खपवतो. गेले आठ महिने माझंही तेच चाललंय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे एक्सेल शीट अर्थातच आहे, आणि तिच्यात रकानेही भरपूर आहेत.

पण मला पडलेला प्रश्न त्या शीटमध्ये मावत नाही. ज्याला तिथे आयुष्य काढायचंय त्याला विचारताच येत नाही, तेव्हा त्याच्यासाठी ‘पुरेसं’ किती हे कोणी ठरवायचं? आणि कशावरून?

सगळ्यांच्या बाजूने बोलणारं कुणीतरी आहे

आधी आकडे बघू, कारण नैतिक प्रश्न त्यांच्यातच दडलेला आहे.

१८० सेंटीमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच, म्हणजे ढोबळमानाने सहा बाय दोन बाय दोन फूट, हे घरगुती मोठ्या टँकचं लोकप्रिय माप. काठोकाठ भरला तर ६४८ लिटर पाणी. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडं जड असतं, त्यामुळे नुसत्या पाण्याचं वजन ६६० किलोच्या पुढे जातं. १२ मिलिमीटर जाडीची काच धरली तर तिचे साधारण १२० किलो. त्यात दगड, वाळू, लोखंडी स्टँड आणि खालची फिल्टरची टाकी मिळवा. एक टन सहज होतो, आणि तो सारा भार जेमतेम एक चौरस मीटर जागेवर येतो.

आपल्याकडे राहत्या खोल्यांची जमीन भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला साधारण २०० किलोचा वापराचा भार धरून आखलेली असते. याचा अर्थ टँक ठेवला की स्लॅब कोसळेल असा नाही. तो आकडा सगळ्या खोलीवर पसरलेल्या भाराचा आहे, आणि बीमच्या वर ठेवलेलं वजन खोलीच्या मध्यावर ठेवलेल्या वजनापेक्षा वेगळं वागतं. पण स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये एवढं त्यातून नक्की कळतं. म्हणजे जमिनीच्या वतीने बोलायला इंजिनिअर आहे.

काचेच्या वतीने भौतिकशास्त्र बोलतं. पाण्याचा काचेवरचा दाब फक्त खोलीवर अवलंबून असतो. पुढच्या काचेवरचं एकूण बल हे पाण्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. १८० सेंटीमीटर लांबीच्या काचेमागे ६० सेंटीमीटर पाणी असेल तर तिच्यावर साधारण ३३० किलो वजनाइतका रेटा असतो. तेच पाणी ७५ सेंटीमीटर केलं तर रेटा ५०० किलोच्या वर जातो. गंमत म्हणजे टँकची रुंदी, म्हणजे पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतचं अंतर, दीडपट करा किंवा दुप्पट, पुढच्या काचेला काहीच फरक पडत नाही.

मग माझा हात येतो. काखेपासून बोटांपर्यंत तो साठ-पासष्ट सेंटीमीटर भरतो. त्याहून खोल टँकच्या तळाशी काही पडलं तर डोकं पाण्यात घालावं लागेल. पाकिटाचंही म्हणणं असतं: समुद्राइतकं खारं पाणी करायला लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे पहिल्या भरणीलाच तेवीस किलोच्या आसपास. शिवाय पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत पाणी २६ अंशांवर ठेवायला चिलर आणि चिलरचं वीजबिल. आणि हॉलची भिंत आहेच. सोफ्याच्या वर किती जागा उरते, दारातून काच आत येईल का, लिफ्टमध्ये मावेल का.

शीटमधले रकाने हे असे. जमीन, काच, हात, पाकीट, भिंत. प्रत्येकाच्या बाजूने बोलणारं कुणीतरी आहे, आणि कुणाचं ऐकलं नाही तर किंमत मलाच मोजावी लागते. रकान्यांच्या या यादीत मासा कुठेच नाही. त्याचं ऐकलं नाही तर मला काहीही होत नाही.

उंची कुणासाठी, रुंदी कुणासाठी

दुकानात टँक लिटरवर बोलला जातो. ‘साडेसहाशे लिटर’ म्हटलं की भारी वाटतं. पण १८० बाय ६० बाय ६० चा टँक ६४८ लिटरचा असतो आणि १२० बाय ६० बाय ९० चा टँकही बरोबर ६४८ लिटरचाच. दुसऱ्यात मासा सरळ रेषेत पोहू शकतो ते अंतर एक तृतीयांशाने कमी आहे. हवेला लागणारा पाण्याचा पृष्ठभागही तेवढाच कमी आहे, आणि पाण्यात प्राणवायू तिथूनच येतो. दोन टँक, एकच आकडा, आणि आतल्या जिवासाठी दोन वेगवेगळी आयुष्यं.

या तीन मापांना मी काही दिवस वेगळ्या नजरेने बघतोय. उंची बहुतांशी बघणाऱ्यासाठी असते. उंच काच म्हणजे भिंतीवरचं मोठं चित्र, सोफ्यावरून नीट दिसणारं. लोक त्याला कौतुकाने ‘लाइव्ह टीव्ही’ म्हणतातही. उलट मागे-पुढेची रुंदी समोरून जवळजवळ दिसत नाही. फोटोत तर ती येतच नाही. पण माशाला वळायला, दगडाच्या मागे जायला, दुसऱ्या माशापासून आणि माझ्यापासूनही लपायला जी जागा लागते ती रुंदीतून येते. लांबी दोघांच्या वाटणीची.

वर सांगितलेला दाबाचा नियम इथे पुन्हा आठवा. महागडी, जाड काच आपल्याला उंचीपायी घ्यावी लागते. रुंदी वाढवली तर तळाची आणि बाजूची काच थोडी वाढते, वजन वाढतं, हॉलमधली जागा जाते. पुढची काच तीच राहते. तरीही बाजारातले तयार टँक बघा. उंच आणि अरुंद मापं पैशाला पासरी मिळतात. घरातल्या अरुंद जागेत अरुंद टँक बसतो हे एक कारण. दुसरं कारण असं की जे दिसत नाही त्याचे पैसे द्यायला आपल्याला जिवावर येतं.

दहा बाय बाराची खोली

‘अमुक माशाला किमान इतके लिटर’ असे तक्ते सगळीकडे सापडतात. ‘पुरेसं’ची व्याख्या तिथून घ्यावी असं पटकन वाटतं. पण तो किमान आकडा मोजतो काय? त्या मापात मासा जगतो, खातो, आजारी पडत नाही, एवढंच. अशा तक्त्यातला आकडा बहुधा इतरांच्या अनुभवातून आलेला असतो, आणि अनुभवात तक्रार करणारा मासा कधीच नसतो.

यावर माझ्या बाबांचा मुद्दा मला सगळ्यात अवघड वाटला. ते वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले. १६० चौरस फुटांची खोली, घरात आठ माणसं. मी रुंदीचं प्रवचन देत होतो तेव्हा ते म्हणाले, “अरे, आम्ही माणसं तेवढ्यात वाढलो. आनंदात वाढलो. तू माशाच्या फुटांचा हिशेब कसला करतोस?”

यात टोमणा होता, पण खरा प्रश्नही होता. जागा कमी म्हणजे आयुष्य वाईट असं सरळ समीकरण नाही. चाळीतल्या खोलीला गॅलरी होती, जिना होता, मैदान होतं, गणपती होता. खोली १६० चौरस फुटांची होती, जगणं तेवढ्यात कोंबलेलं नव्हतं. बाबा सकाळी बाहेर पडायचे आणि रात्री झोपायला परत यायचे. आणि मुख्य म्हणजे चाळकऱ्यांना बोलता येत होतं. त्यांनी संघटना केल्या, मोर्चे काढले, वर्षानुवर्षं भांडले, आणि पुनर्विकासात १६० च्या जागी ५०० चौरस फूट पदरात पाडून घेतले. ‘पुरेसं’ किती, हे त्यांच्या बाबतीत निदान वाटाघाटीत ठरलं. टँकमधल्या माशाला गॅलरीही नाही आणि मोर्चाही नाही. त्याच्या वाटाघाटीत दोन्ही बाजूंना मीच बसलेला असतो.

बाबांना मी हे सांगितलं. ते थोडं थांबून म्हणाले, “मग त्याच्या बाजूने जरा जास्त भांड.” नैतिकतेवरचं एवढं नेमकं वाक्य मी गेल्या वर्षात वाचलेलं नाही.

माशाची उंची, माझी उंची

भांडायचं तर त्याची बाजू माहीत हवी. माशाला काय वाटतं हे मला आतून कळणार नाही. वटवाघूळ असणं म्हणजे काय, हे बाहेरून कळू शकतं का, असा प्रश्न थॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने १९७४ साली विचारला होता, आणि तो अजून सुटलेला नाही. पण आतून कळत नाही म्हणून बाहेरून काहीच कळत नाही असंही नाही. माशाची स्मृती तीन सेकंदांची असते हा विनोद खोटा आहे. मासे शिकतात, जागा आणि वेळा लक्षात ठेवतात. जपानमधल्या संशोधकांनी २०१९ साली ‘क्लीनर रास’ या बोटभर माशाच्या गळ्याशी खूण केली आणि त्याला आरसा दाखवला, तेव्हा तो ती खूण घासून काढायचा प्रयत्न करताना दिसला. त्याचा अर्थ काय लावायचा यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण हाच मासा घरगुती टँकसाठी विकलाही जातो, आणि तो विकत घेताना तो वाद माझ्या डोक्यात असायला हवा.

माझ्या सहा वर्षांच्या भाचीला ‘डोरी’ हवी आहे. ‘फाइंडिंग नीमो’मधली ती निळी डोरी म्हणजे ब्लू टँग. दुकानात ती चार-पाच सेंटीमीटरची मिळते. पूर्ण वाढला की हा मासा ३० सेंटीमीटरपर्यंत जातो. तो दिवसभर पोहत, चरत फिरणारा मासा आहे.

आता साधं गणित करू. १८० सेंटीमीटरचा टँक म्हणजे त्या माशाच्या सहा देहलांब्या, आणि ६० ची रुंदी म्हणजे दोन. माझी उंची १७० सेंटीमीटर. तेच प्रमाण मला लावलं तर मला मिळेल दहा मीटर वीस सेंटीमीटर लांब आणि तीन मीटर चाळीस रुंद जागा, म्हणजे सुमारे ३७० चौरस फूट. हा जवळजवळ माझ्या वनबीएचकेचा कार्पेट एरिया आहे. ऐकायला बरं वाटतं. पण त्याला दार नाही. खिडकीतून एक अवाढव्य प्राणी बघतोय, जेवण वरून पडतंय, आणि मी मरेपर्यंत इथून बाहेर पडणार नाही. यात टँकमधल्या दगडांनी व्यापलेली जागा मी वजाही केलेली नाही.

नीमोचं, म्हणजे क्लाउनफिशचं गणित वेगळं निघतं. तो आठ-दहा सेंटीमीटरचा. निसर्गातही तो आपल्या समुद्रफुलाभोवती, काही मीटरांच्या परिघातच आयुष्य काढतो. त्याच्या पिल्लांची पैदास टँकमध्ये सर्रास होते, त्यामुळे समुद्रातून पकडलेला जीव घेण्याची गरज नाही. नीट सांभाळला तर वीस वर्षांहून जास्त जगल्याची उदाहरणं आहेत. ब्लू टँगची बंदिस्त पैदास पहिल्यांदा जमली ती २०१६ साली, फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. बाजारातले बहुतेक ब्लू टँग आजही प्रवाळ खडकांवरूनच पकडून आणलेले असतात.

म्हणजे ‘मासे पाळावेत की नाही’ हा एकच प्रश्न नाही. प्रत्येक प्रजातीसाठी तो वेगळा आहे, आणि उत्तर त्या माशाच्या मूळच्या जगाच्या आकारात आहे. ज्याचं जगच लहान आहे त्याच्याशी माझा हॉल बऱ्यापैकी प्रामाणिक राहू शकतो. ज्याचं जग मोठं आहे त्याच्यासाठी सहा फूट, आठ फूट, दहा फूट ही फक्त कमी-जास्त लाज आहे.

‘मोठा झाला की बघू’

छंदातलं सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य: आत्ता छोटा आहे, मोठा झाला की टँक बदलू. माझ्या धंद्यात याला मान आहे. पहिल्या दिवशी दहा कोटी वापरकर्त्यांसाठी सिस्टिम कोणी बांधत नाही. शंभरांसाठी बांधा, वाढले की सर्व्हर वाढवा. पण तिथे कर्ज घेणारा आणि फेडणारा एकच असतो, निदान एकाच कंपनीतला. टँकमध्ये कर्ज मी घेतो आणि हप्ते मासा भरतो. शिवाय सर्व्हर वाढवायला बटण असतं, काचेला नसतं. एक टनाचा टँक मोडून दुसरा बसवणं, त्यासाठी पुन्हा जमीन आणि पाकीट तपासणं, हे ‘नंतर’ बहुतेक घरांत येतच नाही. म्हणून पूर्ण वाढलेल्या माशाचं माप धरूनच पहिल्या दिवशी टँक ठरवायला हवा. तसा टँक शक्य नसेल तर कात्री माशांच्या यादीला लावायची, टँकच्या लांबीला नाही.

मोठा टँक हाही सरसकट उपाय नाही. जास्त पाण्यात तापमान हळू बदलतं, माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया विरळ राहतो, दोन तास वीज गेली तरी धोका कमी. हे सगळं खरं आहे. पण मोठ्या टँकमध्ये मोकळी दिसणारी जागा आपल्याला बघवत नाही. ‘अजून दोन बसतील’ असं म्हणत आपण ती भरतो, आणि वाढवलेली जागा ज्याच्यासाठी वाढवली त्याच्याकडून परत काढून घेतो.

कायद्याकडून इथे फार मदत होत नाही. इटलीतल्या मोंझा शहराने २००४ साली गोल बाऊलमध्ये मासे ठेवण्यावर बंदी घातली, तेव्हा जगभर त्याची बातमी झाली, बरीचशी हसण्यावारी नेलेली. आपल्याकडे २०१७ साली केंद्र सरकारने अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांसाठी नियम काढले, १५८ प्रजातींच्या विक्रीवर निर्बंध घातले, विरोध झाला आणि त्याच वर्षी ते मागे घेतले. प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, ते घरी ठेवायचा प्रश्नच नाही. बाकी सगळं माझ्या तारतम्यावर सोडलेलं आहे.

शीटचा क्रम

म्हणून मी शीटचा पहिला रकाना ‘मासा’ केला. त्यात तीन प्रश्न: पूर्ण वाढीची लांबी किती, रोजचा वावर कुठे, आणि पैदास टँकमधली की समुद्रातली. त्यावरून लांबी, मग रुंदी, सगळ्यात शेवटी उंची. जमीन, काच आणि पाकीट त्यानंतर.

यादीत उरले ते टँकमध्ये जन्मलेल्या क्लाउनफिशची एक जोडी, आणि एक गोबी मासा व त्याची पिस्तूल कोळंबी. या दोघांची भागीदारी वाचण्यासारखी आहे. कोळंबीची नजर अधू, ती वाळूत बीळ खणते. गोबी दाराशी पहारा देतो आणि दोघं त्यात राहतात. त्यांना उंचीचा काडीचा उपयोग नाही. त्यांना जमीन हवी.

त्यातून माप आलं १५० बाय ७५ बाय ५०. पाणी ४५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण ५०० लिटर. पुढच्या काचेवरचा रेटा १५५ किलोच्या आसपास, सहा फुटी टँकच्या निम्म्याहून कमी. ७५ च्या रुंदीत हात पोचावा म्हणून आखूड बाजू भिंतीला लावून लांब बाजू मोकळ्या ठेवायच्या. इंजिनिअरने बीमवर तशी जागा दाखवली आहे. सोफा जाणार. मागची काच आतून झाकणार, कारण चारी बाजूंनी दिसत राहणं कुणालाच आवडत नसावं.

काचवाले काका माप बघून म्हणाले, “दादा, उंची वाढवा की थोडी. एवढ्या पैशात शो येणार नाही.” मी म्हटलं, शो नकोय. त्यांनी मान हलवली आणि आकडे लिहून घेतले.

भाचीला डोरी का नाही हे सांगायचं होतं. मी हॉलमध्ये खडूने टँकचं माप आखलं, आणि मोठ्या डोरीएवढी तीस सेंटीमीटरची फूटपट्टी तिच्या हातात दिली. ती पट्टी घेऊन त्या चौकटीत दोनदा फिरली, तिसऱ्यांदा कंटाळली. मग म्हणाली, “मामा, नीमोला चालेल ना पण?”

मी ‘हो’ म्हणालो. हिशेबाने ते ‘हो’ बरोबर आहे. पण पुरेसं माप दिलं म्हणजे त्याची संमती मिळाली असं होत नाही, हे मला तिला सांगता आलं नाही. नीमोला विचारलेलं नाहीच. त्याच्या बाजूने जमेल तेवढं भांडलोय, आणि तरीही निकाल मीच दिलाय. काच पुढच्या आठवड्यात कापायची आहे. तोपर्यंत खडूची चौकट हॉलमध्ये आहे, आणि आम्ही सगळे तिला वळसा घालून चालतो.